राजा मेल्यावरचे तीन शनिवार

आमच्या महिला वाचक मंडळात चातुर्मासात पोथी नसायची, इतिहास असायचा. आषाढी एकादशीला एकीनं विषय धरायचा आणि कार्तिकीपर्यंत दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर बसून तो बाकीच्यांना सांगायचा. कुणी चातुर्मासात कांदा-लसूण सोडतं, कुणी पानावर जेवतं, आम्ही एक देश धरायचो. त्याला म्हणायचो मात्र नेमच. हे सगळं काढलेलं आमच्या बाईंनी. बाई कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा देवावर विश्वास नव्हता, पण शिस्तीवर इतका होता की देवालाही हेवा वाटावा. शेवटच्या शनिवारी समारोप. त्या दिवशी मधोमध तबकात एक विडा ठेवायचा. पुढच्या वर्षी जिला सांगायचं असेल तिनं तो उचलायचा, घरी नेऊन देवापुढं ठेवायचा, की ती बांधली गेली.

त्या वर्षी मी बांधलेली होते. विषय ग्रीस.

आता तुम्ही म्हणाल, शनिवार पेठेतल्या बाईला ग्रीसचं काय पडलंय. मलाही कुणी तरी विचारलंच होतं. मी जुन्या अकरावीत गणितात नापास झाले, त्याच वर्षी लग्न झालं आणि शाळा सुटली ती सुटलीच. इंग्रजी मी पुढं शब्दकोश मांडीवर घेऊन शिकले. पान वाचायला दुपार लागायची, पण दुपारी होत्या माझ्याकडं भरपूर. वाचनालयात ग्रीसवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. कुणी नेत नव्हतं. ते एकटंच पडलंय म्हणून मी नेलं, आणि मग सोडवेना.

दिवस कंप्युटरवाल्यांचे होते. पिंपरीच्या कारखान्यानं आमच्या ह्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली होती. हे म्हणायचे, "इच्छा त्यांची, निवृत्ती आमची." घरात एक खोली रिकामी होती, ती आम्ही एका मुलीला राहायला दिली. अमरावतीकडची. इंजिनियर. हिंजवडीला कंपनी, सकाळी लवकर बस यायची न्यायला, अंधार पडल्यावर आणून सोडायची. शनिवार-रविवार दोन्ही दिवस सुटी. ह्यांना ते काही झेपलं नाही. "दोन दिवस सुटी? मग नोकरी कधी करता?" ती हसून म्हणायची, "काका, पाच दिवसांत सात दिवसांचं करून घेतात ते."

पहिल्यांदा ती माझ्याबरोबर माडीवर आली ती नुसती माझं पुस्तक उचलायला, कारण ते जड होतं. मग एकही शनिवार चुकवेना. खिडकीशी बसायची. बाकीच्या आम्ही सगळ्या पेठांतल्या, पन्नाशीच्या पुढच्या. हिच्या अंगात जीनची पँट. कुणी काही म्हटलं नाही. आमच्याकडं म्हणत नाहीत, फक्त पाहतात.

श्रावण संपता संपता एकदा चहाच्या वेळी तिनं बाईंना सरळ विचारलं, "बाई, तो विडा कोणीपण उचलू शकते का? मी सांगून राहिली ना पुढच्या वर्षी, तर चालते का?"

बाईंनी कप खाली ठेवला. "विडा उचलायला हात लागतो. तो आहे तुम्हाला. विषय सांगायला जीभ लागते. ती आधी घासून घ्या."

दोघी-तिघी हसल्या. ती पण हसली. घरी आली आणि माझ्या हातातली लसणाची पाटी ओढून घेऊन सोलत बसली. असा लसूण सोलताना मी कुणाला पाहिलं नाही. पाकळ्या उडत होत्या.

"काकू, आमच्या घरी म्हणायचे, ही बोलण्यात कोणाला आटपत नाही. शाळेत वक्तृत्वात नेहमी मी. अन् इथं येऊन दोन वर्षं झाली, तोंड उघडलं की लोक आधी गाव विचारतात. मी काय बोलून राहिली ते कोणी ऐकतच नाही. ऑफिसात इंग्रजीत बोलते. रिक्षावाल्याशी हिंदीत बोलते. मराठी फक्त आईशी, फोनवर. तुमच्या त्या माडीवर कोणी तरी मराठीत एवढ्या मोठाल्या गोष्टी बोलते, ते पाहून मला वाटलं, इथं बोलावं. मला तो विडा पाहिजे."

"मिळेल," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण विडा काही माझ्या हातात नव्हता. बाईंनी नको म्हटलं की तबक पुढं यायचंच नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

तर माझा ग्रीस चालला होता जोरात. लढाया झाल्या, नाटकं झाली, तत्त्वज्ञानी झाले, आणि दिवाळीच्या आधी मॅसेडोनियाचा तो तरुण राजा, ज्याचं नाव शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं, तो जग जिंकून बाबिलोनमध्ये तापानं मेला. त्याच आठवड्यात मला बाई मंडईत भेटल्या. कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून उभ्या होत्या.

"संपला ना तुमचा ग्रीस?"

"कुठं संपला? राजा मेला, बाई. लोक आहेत अजून."

"त्यानंतर काय उरतं हो? हेलेनिस्टिक. म्हणजे काय, तर ग्रीकासारखं. 'सारखं' म्हणजे खरं नव्हे. इजिप्त काय, सीरिया काय, इराण काय, सगळी सरमिसळ. अथेन्स संपलं तिथं ग्रीस संपला. मी फळ्यावर लिहायला सांगितलंय, येत्या शनिवारी समारोप."

म्हणजे माझे तीन शनिवार गेले. आणि मला कळलं की ज्याला बाई 'सारखं' म्हणतात त्याला त्यांच्या लेखी जागाच नाही, ग्रीसात नाही आणि माडीवर तर नाहीच. मला असा राग आला म्हणून सांगू! पण इतिहासात बाईंशी भांडायचं म्हणजे आपलंच हसं. मग मी बाईंनाच बाईंच्या दोरीनं बांधलं.

"बाई, मी नेम आषाढीला धरला. तो कार्तिकीला सुटणार. राजा मेला म्हणून एकादशी अलीकडं येत नाही."

"अहो, तो नेम म्हणजे आपण आपला लाक्षणिक..."

"लाक्षणिक असता तर मागच्या वर्षी मला ताप होता तेव्हा तुम्ही मला घोंगडी पांघरून ऐकायला बसवलं नसतंत. तेव्हा नेम होता, आता लाक्षणिक?"

कोथिंबीरवाली मान वर करून म्हणाली, "नेम मधी नाय सोडत, ताई. वंगाळ असतं ते."

बाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की दुसरी असती तर जुडी फुकट दिली असती. ही म्हणाली, "घ्या की घेताय तर, किती वास घेता!"

बाई जुडी पिशवीत टाकत म्हणाल्या, "बोला मग. तीन शनिवार बोला. पण प्रश्न मी विचारणार."

"विचारा की."

घरी येऊन मी त्या एका शब्दाच्या मागं लागले. माझ्याही मनात तोवर असंच होतं, की हेलेनिक आणि हेलेनिस्टिक म्हणजे एकच, एकाला नुसती शेपटी जास्त. तसं नव्हतं. हेलेनिक म्हणजे ग्रीकांचं स्वतःचं. हेलेनिस्टिक हे नाव त्या काळातल्या लोकांनी स्वतःला घेतलेलंच नाही. ते फार पुढं, एकोणिसाव्या शतकात, एका जर्मन इतिहासकारानं दिलं. त्याच्या आधी ह्या तीनेकशे वर्षांना कुणी धड नाव देत नव्हतं, सगळे घाईघाईनं रोमकडं पळायचे. त्यानं तो शब्द घेतला कुठून, तर जुन्या लिखाणात जन्मानं ग्रीक नसलेल्या पण ग्रीक बोलणाऱ्या लोकांसाठी तसा एक शब्द होता, त्यावरून. त्याचं म्हणणं असं, की हा उतार नाही, ही संगमाची वेळ आहे. ग्रीक बोली, ग्रीक नाटकघरं, ग्रीक शाळा थेट अफगाणिस्तानापर्यंत गेल्या, तिथल्या लोकांच्यात मिसळल्या, आणि त्यातून जे झालं त्याला हे नाव.

मी एवढी खूश झाले की रविवारी सकाळी मुलगी चहाला आली तेव्हा तिला धरूनच बसवलं. सगळं सांगितलं. आणि मग मोठ्या कौतुकानं म्हटलं, "बघ, म्हणजे ही तुझीच गोष्ट आहे. बाहेरून आलेल्यांनी भाषा उचलली आणि ती मोठी केली."

मला वाटलं, ती आनंदानं उडी मारेल. तिनं बिस्कीट चहात बुडवलं ते तसंच धरून ठेवलं, गळून पडलं तरी.

"काकू, रागावू नका. पण मी मराठी कुठून उचलली? मी काही इजिप्तवाली नाही. माझी मायच मराठी आहे. मराठीतलं पहिलं गद्य आमच्या जिल्ह्यात लिहिलं गेलं म्हणतात. तेव्हा तुमच्या ह्या पेठेत कोण काय बोलून राहिलं होतं, कोणाला माहीत आहे?"

हे आतून ओरडले, "बरोबर आहे तिचं! कसब्यात तेव्हा पाच-पंचवीस घरं असतील, तीही भांडत!"

"अन् दुसरं," ती म्हणाली, "त्या इजिप्तवाल्यांना कोणी विचारलं का? त्यांची तर भाषा केवढी जुनी. त्यांना तुम्ही 'ग्रीकासारखे' म्हणता. म्हणजे मधात ग्रीकच, अन् बाकी सगळे त्याच्या आजूबाजूला. शब्द प्रेमानं दिला असेल त्या जर्मन माणसानं, पण त्यात त्यांचं नाव कुठं आहे?"

मी चहा पीत बसले. पोरगी माझ्या पुस्तकाच्या पुढं गेली होती. नंतर मी मुद्दाम शोधलं तर मोठमोठ्या विद्वानांनीही त्या शब्दावर हीच हरकत घेतलेली. शहरात ग्रीक चालायची, खेड्यातला माणूस कर भरायचा आणि आपली जुनी बोलीच बोलायचा. कोर्टकचेरीत ग्रीक, घरात इजिप्ती. तिनं मग ऑफिसातून काही पानं छापून आणली इंटरनेटवरची. आम्ही दोघी ती जेवणाच्या टेबलावर पसरून बसायचो, हे म्हणायचे, "आज जेवायला ग्रीस आहे का?"

पहिल्या शनिवारी मी शब्द सांगितला, जसा वर सांगितला तसा, त्याच्या हरकतीसकट. हरकत कुणाची तेही सांगितलं. बाईंनी विचारलं, "म्हणजे तुमच्या मते शुद्ध असं काही नसतंच?"

"असतं ना. डब्यात ठेवलं की असतं."

दुसऱ्या शनिवारी मी बोली सांगितली. ह्या काळात शिपाई, व्यापारी, दासी, खलाशी, सगळ्यांनी मिळून एक साधी ग्रीक केली. तिचं नावच 'सगळ्यांची' असं. जुन्या अथेन्सची ऐट त्यात नव्हती. पुढं कित्येक पंडित नाक मुरडत जुन्या अथेनी वळणानंच लिहीत बसले, पण बाजार, प्रवास, पत्रं, धर्म, सगळं ह्या साध्या बोलीनं वाहून नेलं. मी म्हटलं, "अथेन्स म्हणजे आपली पेठ समजा. आपल्याला वाटतं, भाषा आपण राखली. राखली असेल. पण वापरली कुणी?"

कुणीतरी खाकरलं. बाई वहीत काहीतरी खरडत होत्या, मान वर केली नाही.

तिसऱ्या शनिवारी मी त्यांना जुन्नरला नेलं. म्हणजे बसल्या जागी. आपल्याच जिल्ह्यात, डोंगरातल्या लेण्यांत, काही दानलेख आहेत. दान देणारे स्वतःला यवन म्हणवतात. एकानं भिक्षूंना भोजनमंडप करून दिला. लेख ग्रीकमध्ये नाही, इथल्या प्राकृतात, ब्राह्मी अक्षरांत. काळ जरा अलीकडचा, आणि यवन म्हणजे अस्सल ग्रीकच का, यावर विद्वानांची भांडणं आहेत, तीही मी सांगितली. लपवायचं कशाला. पण त्या माणसाला कुणी 'आधी जीभ घासून ये' म्हटलं नाही. जेवायला जागा करून दिली त्यानं, आणि आपल्या पूर्वजांनी दगडात त्याचं नाव कोरू दिलं.

"हे माझं शेवटचं," मी म्हटलं. "आता विडा."

बाईंनी तबक स्वतःकडं ओढलं. मुलगी खिडकीजवळून उठून पुढं आली आणि मधोमध बसली.

"बसलात, छान. पण आमच्याकडं आधी कसोटी असते," बाई म्हणाल्या. अशी कसोटी कधीच नव्हती. मी तोंड उघडलं तर तिनंच मला हातानं थांबवलं.

"घ्या कसोटी. काय बोलू?"

"ह्याच काळातलं काहीही. चार वाक्यं. आणि जरा नीट."

"नीट बोलते. घासून नाही बोलणार." आणि तिनं सुरू केलं. "अलेक्झांड्रियात एक माणूस होता. ग्रंथालय सांभाळे. त्याला कोणीतरी सांगितलं, का दूर दक्षिणेत एक विहीर आहे, अन् वर्षाच्या सर्वांत मोठ्या दिवशी, दुपारी, त्या विहिरीच्या तळापर्यंत ऊन पोचते. सावली पडतच नाही. दुसरा असता तर म्हणाला असता, असेल बाबा. हा नाही म्हणाला. त्यानं इकडं आपल्या गावात त्याच वेळी काठी उभी केली, तर सावली पडून राहिली! मग तो विचारात पडला. ऊन एकच, दिवस एकच, मग इथं सावली अन् तिथं नाही, असं काहून? म्हणजे जमीन सपाट नाही. म्हणजे ती वाकून राहिली आहे. अन् किती वाकून राहिली ते त्या सावलीनं सांगितलं. तो कुठं गेला नाही, काही नाही. विहीर किती दूर ते माहीत होतं, सावली मोजली अन् अख्खी पृथ्वी मोजून टाकली!"

हातानं तिनं पृथ्वी अशी वाकवून दाखवली की पुढं बसलेल्या दोघी मागं सरल्या. चार वाक्यं कधीच होऊन गेली होती. कुणी मोजली नव्हती. एकजण तर म्हणाली, "मग पुढं?"

बाई म्हणाल्या, "उच्चार तसेच आहेत."

"हो बाई. तसेच राहतील."

"मग विडा मी..."

बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं हात लांब केला, तबकातला विडा उचलला आणि तोंडात टाकला. टाकला तो टाकला, चावायलाही लागली. लवंगेसकट.

अहो, एवढ्या वर्षांत तो विडा कुणी खाल्ला नव्हता! उचलायचा, रुमालात घ्यायचा, देवापुढं सुकवायचा, ही आमची रीत. बाईंचा हात तसाच तबकावर. त्यांनी रिकाम्या तबकाकडं पाहिलं, तिच्या फुगलेल्या गालाकडं पाहिलं.

"तो खायचा नसतो!"

ती बोलणार कशी, तोंडात विडा. तिनं मानेनंच 'असतो' म्हटलं. नंतर गिळून म्हणाली, "आमच्याकडं विडा उचलला की खातात, बाई. नाही तर उचलला कायले?"

पहिल्यांदा कोण हसलं ते मला आता आठवत नाही. मी नव्हते, मी बाईंकडं बघत होते. मग सगळी माडी हसली. बाई नाही हसल्या. त्या उठल्या, पदर खोचला, फळ्यापाशी गेल्या आणि 'समारोप' पुसला. तिथं लिहिलं, 'पुढील वर्ष:' आणि तिच्याकडं न बघता विचारलं, "विषय?"

"चीन."

मला वाटलं होतं विदर्भ म्हणेल. बाईंनाही तेच वाटलं असावं, कारण खडू हवेतच थांबला. "चीन का?"

"मग काय मी फक्त वऱ्हाडावर बोलायचं? तुम्ही पुण्यात बसून ग्रीस बोलता, इंग्लंड बोलता. मी चीन बोलीन."

बाईंनी लिहिलं. ठळक लिहिलं, अक्षर त्यांचं सुरेख होतं.

मंडळातल्या दोघी पुढं येईनाशा झाल्या. एकीनं निरोप पाठवला की गुडघे दुखतात, माडी चढवत नाही. त्याच गुडघ्यांनी तिला कसब्याच्या गणपतीच्या रांगेत मी उभी पाहिली. म्हटलं, राहू दे. ज्यांना अथेन्समध्येच राहायचंय त्यांनी राहावं.

पुढच्या आषाढीनंतरचा पहिला शनिवार. मी मागं भिंतीला टेकून बसले होते, वर्षभरानं पुन्हा नुसती ऐकायला. ती पुढं बसली, समोर नकाशा टांगलेला. "चीनमध्ये दोन मोठ्या नद्या वाहून राहिल्या आहेत," असं तिनं सुरू केलं, आणि बाईंनी लगेच हात वर केला.

"वाहतात."

"बाई," ती म्हणाली, "प्रश्न शेवटी."

आणि नदी पुढं नेली.